‘येते’ लिहिलेले बटण

भाचीने मला बाभुळगावला बोलावले ते साक्षीदार म्हणून. एका व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागाचे तिने मराठी केले होते. काम चाचणीपुरते होते. ज्या पुण्याच्या कंपनीने ते दिले होते तिची अट अशी होती, की इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या माणसाने तो भाग कोणाच्याही मदतीशिवाय शेवटपर्यंत खेळावा. तो कसा खेळला, कुठे अडला, काय म्हणाला याची नोंद भाषांतर करणाऱ्याने न लिहिता तिसऱ्याच कोणीतरी लिहावी. खेळणारी माझी वहिनी होती, म्हणजे भाचीची आई. नोंद लिहिणारी मी. मी यवतमाळच्या एका दैनिकात डेस्कवर होते आणि दुसऱ्याचे लिहिलेले तपासण्यातच माझी नोकरीची वर्षे गेली, म्हणून भाचीला माझे नाव सुचले असावे.

चाचणीला ती उतरली तर पूर्ण गेमचे काम तिला मिळणार होते. नाही उतरली तर बी.एड. तिथे प्रवेश मिळाला होता, तो पक्का करायचा बाकी होता. एम.ए. झाल्यावर ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती आणि ते तास त्या वर्षी बंद झाले होते. माझ्या भावाचा या कामाला विरोध नव्हता. काम काय आहे तेच त्याला उमगत नव्हते, आणि न उमगलेल्या गोष्टीवर पोरीचे वर्ष घालवायला तो तयार नव्हता.

‘पिक्चरच्या खालच्या ओळी लिहाच्या, याले नोकरी म्हनतात काय?’ मी पोचले त्या दिवशी त्याने मला विचारले.

‘नोकरी नाही बाबा, काम हाये,’ भाची आतून म्हणाली.

‘तेच तं म्हनून राह्यलो मी.’

कापसाची वेचणी चालू होती. वहिनी सकाळी शेतात जायची, दुपारी भाऊ तिची जागा घ्यायचा आणि ती घरी यायची. जेवून झाले की समोरच्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडून खेळायचे, असे ठरले. वहिनी दहावीपर्यंत शिकलेली. पेपर ती छोट्या जाहिरातींसकट वाचते. व्हिडिओ गेम तिने त्याआधी हातात धरला नव्हता. दोन्ही हातांनी धरायच्या त्या यंत्राला ती रिमोटच म्हणाली आणि शेवटपर्यंत रिमोटच म्हणत राहिली.

गेमची नायिका पडणाऱ्या वस्तू हवेत तोलून धरू शकते. हात लावावा लागत नाही. मात्र एका वेळी एकच वस्तू, आणि मन तिच्यावरून हलले की ती पडते. अशी शक्ती असलेल्या माणसांची एक तुकडी आहे, तिचा एक कप्तान आहे, समुद्राकाठचे एक शहर आहे. मारामारी थोडी. बहुतेक वेळ माणसे एकमेकांशी बोलतात, आणि नायिकेने काय उत्तर द्यायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे असते. पडद्याच्या तळाशी दोन-तीन उत्तरे येतात. त्यांच्यावर एक पांढरी पट्टी असते, ती आखडत जाते. पट्टी संपेपर्यंत काही दाबले नाही तर नायिका गप्प राहते आणि गेम ते गप्प राहणेही उत्तर म्हणून धरतो. दिलेले उत्तर मागे घेता येत नाही. काही उत्तरांनंतर कोपऱ्यात एक ओळ उमटते, ‘तिने हे लक्षात ठेवले’ किंवा ‘त्याने हे लक्षात ठेवले’. आवाज इंग्रजीच होते. मराठी फक्त खालच्या ओळींत आणि बटणांवर.

भाचीने आईच्या मागे, दारात उभे राहायचे होते आणि तोंड उघडायचे नव्हते. ते तिला जड जात होते.

‘हा कोन व?’ कप्तान पडद्यावर आला तेव्हा वहिनीने विचारले.

‘मले बोलता येत नाही, आई.’

‘नको बोलू. मुकादम दिसून राह्यला. सगळ्यायच्या मांगं उभा हाये अन् हात खिशात.’

त्यानंतर कप्तान आमच्या घरात मुकादमच झाला. पहिल्याच प्रसंगात त्याने नायिकेला झापले. वहिनीने तीन उत्तरांतले सर्वांत तिखट निवडले. कोपऱ्यात ओळ आली, ‘त्याने हे लक्षात ठेवले.’

‘ठेव म्हना,’ वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, ‘ताई, लक्षात तं सगळेच ठेवतात. हे लिहून दाखवतात, तेवढं बरं हाये.’

मी ते शब्दशः लिहिले. वाचायला ती अडली नाही. पट्टी संपायच्या आत प्रत्येक उत्तर वाचून होत होते. भाचीने उत्तरे दोन-तीन शब्दांत बसवली होती आणि ती नीट बसली होती. कप्तानाला ‘तुम्ही’, सोबतच्यांना ‘तू’, अनोळखी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा ‘तुम्ही’, हे सगळे तिने आपले आपण ठरवले होते, कारण इंग्रजीत त्यातला काहीच भेद नव्हता. वहिनीला ते जाणवलेही नाही. भाषांतर तपासताना मी ही मोठी खूण मानते.

मधला प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. नायिका आईला भेटायला जाते. आई एकटी राहते. भिंतीवरची फळी एका बाजूने निखळली आहे आणि तिच्यावरचे डबे घसरायला आले आहेत. नायिका नुसती फळीकडे पाहते. डबे जागच्या जागी थांबतात. आई म्हणते, ‘घरात ते नको. हाताने धर.’ मग नायिका उठते, फळी हाताने धरते आणि आई खिळा ठोकते. ठोकताना आईचा हात कापतो. इथे निवडायला काही नाही. फळी धरलेली आहे तोवर एक बटण दाबून ठेवायचे, एवढेच. वहिनीने ते इतक्या जोराने दाबले होते की अंगठ्याचे नख पांढरे पडले होते. खिळा दोनदा वाकला. वहिनीने बटण सोडले नाही.

नंतर चहा होतो. आई सांगते की तिचे ऑपरेशन ठरले आहे. ती ते भाजीचा भाव सांगावा तसे सांगते. नायिका निघते, दारापाशी पोचते आणि आई मागून विचारते, ‘ऑपरेशनच्या दिवशी येशील?’

बटणे दोन. एकावर ‘येते.’ दुसऱ्यावर ‘आत्ता कसं सांगू?’

वहिनीने पट्टीकडे पाहिलेही नाही. ‘येते’ दाबले. नायिका वळली आणि पायऱ्या उतरली. कोपऱ्यात ओळ आली, ‘तिने हे लक्षात ठेवले.’

‘ठेवाच लागते,’ वहिनी म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी शहरातला पूल खचतो. त्यावर गाड्या आहेत, माणसे आहेत. नायिका खाली उभी राहून तो तोलून धरते. तिच्या खिशातला फोन वाजतो. वाजत राहतो. पडद्यावर एकही उत्तर येत नाही. वहिनीने हातातली सगळी बटणे दाबून पाहिली.

‘फोन उचल व, माय,’ ती नायिकेला म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, ‘उचलला तं पूल पडन.’ आणि अंगठे बटणांवरून काढून घेतले.

पूल वाचतो. नायिका दवाखान्यात पोचते तेव्हा ऑपरेशन होऊन गेलेले असते. आई शुद्धीवर असते. ती मुलीकडे पाहते आणि म्हणते, ‘तू उत्तर न देताच निघून गेलीस.’

वहिनीने ती ओळ वाचली. मग रिमोट दिवाणावर ठेवला.

‘खोटं बोलून राह्यली बुढी.’

दारात भाची ताठ झाली.

‘ताई, तुम्ही पाह्यलं ना? मी येते म्हनलं का नाही?’

‘म्हटलं,’ मी सांगितले.

‘मंग उत्तर नाही देलं म्हनजे? पुलाखाली उभी होती पोट्टी, हे नाही तिले दिसलं. पन येते म्हनलेलं तं आयकलं ना. मी नाही खेळत असल्या बाईसंग.’

भाची बोलली. ‘आई, ते येते तसलं नाही.’

‘कसलं?’

‘निघतानं म्हनतो ना आपन. निरोपाचं.’

इथे चाचणी मोडली. मी तसे लिहिले आणि खाली रेघ मारली.

झाले होते ते असे. मूळ इंग्रजीत त्या बटणावर ‘मला आता निघायला हवं’ अशा अर्थाचे शब्द होते. मुलगी प्रश्न टाळते आणि चालू लागते. गेम लिहिणाऱ्यांनी होकाराचे बटण मुद्दामच ठेवले नव्हते. टाळायचे दोन मार्ग, आणि तिसरे गप्प राहणे. भाचीने ‘येते’ लिहिले, कारण घरातून निघताना आपली मुलगी तेच म्हणते. लिहिताना तिच्यासमोर इंग्रजी ओळ होती, म्हणून तिला एकच अर्थ दिसला. वहिनीसमोर आईचा प्रश्न होता, म्हणून तिलाही एकच अर्थ दिसला. दोन्ही अर्थ बरोबर होते आणि एकमेकांच्या उलट होते.

वहिनी कापसाच्या गाठोड्यांकडे निघून गेली. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो तेव्हाही तिचे भांडण संपले नव्हते.

‘तिच्याजवळ कोनीच नव्हतं, हे मले समजते,’ भाकरी वाढता वाढता ती म्हणाली. ‘पन म्हनून खोटं बोलाव काय?’

‘कोन बोललं?’ भावाने विचारले.

‘ते बुढी.’

‘कोनती बुढी?’

‘टीव्हीतली. ऑपरेशन झालं तिचं.’

भावाने एक घास खाल्ला. ‘तिच्या ऑपरेशनपायी वांग्यात मीठ नाही पडलं वाटते.’

‘घ्या ना वरून. हात हायेत.’

भाची हसली नाही. ती ताटाकडे पाहत होती. ‘आई, मंग जाते लिहू का तिथं?’

‘कुठं?’

‘बटनावर. येते काढतो अन् जाते लिहितो. तू दाबशील?’

वहिनीने विचार केला. ‘नाही दाबनार. आजारी मायच्या दारात उभं राहून जाते कोन म्हनते?’

‘हेच तं.’

मी ‘निघते’ सुचवले. बातमीच्या मथळ्यात एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघाले तर तो शब्द काढायचा, त्यावर वाद घालत बसायचे नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवत. ‘निघते’ला एकच अर्थ होता, लांबी तेवढीच होती, आणि त्यात अशुभ काही नव्हते. भाचीने ते लगेच मान्य केले. ताटावरून उठून हात धुतला आणि फाइलमध्ये बदल केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा सुरुवातीपासून खेळली. ती बसायला तयार झाली ती मुलीकडे पाहून, म्हातारीवरचा राग कायम होता. मुकादमाला तिने या वेळी जरा सबुरीने घेतले. फळी धरली. चहा झाला. दारापाशी प्रश्न आला आणि खाली ‘निघते’ आणि ‘आत्ता कसं सांगू?’ अशी बटणे आली. वहिनीने दोन्ही वाचली. अंगठा हलला नाही. पट्टी आखडत संपली. नायिका काही न बोलता पायऱ्या उतरली. पुढे दवाखान्यात आई म्हणाली, ‘तू उत्तर न देताच निघून गेलीस.’ वहिनीने मान हलवली, पुढचे बटण दाबले आणि भाग शेवटपर्यंत पूर्ण केला. कुठेही अडली नाही. कोणाला काही विचारले नाही.

‘झालं?’ तिने विचारले.

‘झालं,’ मी म्हटले. ‘कसा वाटला?’

‘बरा हाये. चांगला हाये.’ ती उठली. ‘सांजच्याले शेंगाची भाजी करू का पिठलं?’

ही नोंद निर्दोष होती. खेळणारी अडली नाही, गोंधळली नाही, भाग पूर्ण झाला. त्याच दुपारी पाठवता आली असती. मी ती स्वच्छ लिहून भाचीच्या हातात दिली.

तिने ती वाचली आणि टेबलावर ठेवली.

‘आत्या, काल आई रात्रीपर्यंत भांडत होती.’

‘तुझ्या चुकीमुळे.’

‘हाव. पन भांडत होती. आज पिठल्याचं विचारून राह्यली.’

‘चाचणी भांडण व्हावं म्हणून नाही. कळावं म्हणून आहे.’

‘तिले काल नाही कळलं काय? पोट्टी पुलाखाली उभी होती अन् मायले वाटलं आपल्याले सोडून गेली, हे सगळं कळलं तिले. एकच ओळ खोटी लागली तिले, अन् ते ओळ मी खोटी लिहिली होती. येते बरोबर होतं, आत्या. म्हातारीची ओळ चुकली.’

मी विचारले, तिला काय करायचे आहे. तिने सांगितले. बटणावर पुन्हा ‘येते’ ठेवायचे. दवाखान्यात आई ‘तू उत्तर न देताच निघून गेलीस’ म्हणते, तिथे ‘येते म्हणून गेलीस’ लिहायचे. बाकी दोन उत्तरांनंतर येणारी ओळ फाइलमध्ये वेगळी होती, ती जुनीच राहणार होती.

म्हणजे मूळ वाक्य बदलायचे. मूळ गेममध्ये मुलगी काही कबूल करत नाही. भाचीच्या मराठीत आई म्हणणार होती की कबूल केले होते. चाचणी देणारी कंपनी पहिली गोष्ट तपासते ती अर्थ जागेवर आहे की नाही. तिच्या हातात चाचणीला उतरणारी फाइल तयार होती आणि ती न उतरणारी पाठवायला निघाली होती. मी तिला हे याच शब्दांत सांगितले. ‘निघते’ची फाइल पाठवावी आणि दुसरा पर्याय खाली टीप म्हणून द्यावा, असा माझा सल्ला होता.

‘दोन दिले तं ते सोपं घेतील,’ ती म्हणाली. ‘एकच पाठवतो.’

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज नव्हती. टीव्ही बंद, म्हणून लॅपटॉप उंबऱ्याजवळ उजेडात आणून ठेवला. वहिनी पाटावर बसली. पडदा लहान असल्याने तिला वाकून वाचावे लागत होते. खेळणारीला गोष्ट आता माहीत आहे, हे मी नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहिले, कारण ते लपवले असते तर पुढचे सगळे निरुपयोगी ठरले असते. ओळ बदलली आहे हे मात्र तिला सांगितले नव्हते.

दारापाशी प्रश्न आला. ‘ऑपरेशनच्या दिवशी येशील?’ खाली ‘येते’ आणि ‘आत्ता कसं सांगू?’

पोट्टी येणार नाही, पूल खचणार आहे, फोन वाजत राहणार आहे, हे वहिनीला माहीत होते. तिने पट्टी बरीच आखडू दिली. मग ‘येते’ दाबले.

‘दुसरं काय म्हनन ते,’ ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे तिने पाहिले नाही.

पूल खचला. फोन वाजला. या वेळी तिने एकही बटण दाबून पाहिले नाही. दवाखान्यात आईने डोळे उघडले. खाली ओळ आली, ‘येते म्हणून गेलीस.’

वहिनीने ती वाचली. नंतर तीन उत्तरे आली. ‘पूल पडत होता.’ ‘चुकलं माझं.’ ‘आता आले ना?’ तिन्ही मूळ गेममधलीच होती, भाचीने त्यांना हात लावला नव्हता. पट्टी आखडू लागली. वहिनी पडद्याजवळ वाकलेली होती.

‘हाव,’ ती म्हातारीला म्हणाली. ‘म्हनलं होतं.’

पट्टी संपली. नायिका गप्प राहिली. आईने हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. तो हात खिळा ठोकताना कापला होता तसाच कापत होता. हे त्या गेममध्ये पहिल्यापासून होते आणि आदल्या दोन्ही वेळी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पहिल्या दिवशी वहिनीने त्याआधीच रिमोट ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही भाग संपायची वाट पाहत होतो.

भाजीचे त्या दिवशी वहिनीने विचारले नाही. ती उठून शेताकडे गेली आणि जाताना चप्पल घालायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

नोंदीत मी तिन्ही वेळचे लिहिले. शेवटी माझे मतही दिले, की ‘निघते’ची आवृत्ती अधिक निर्दोष आहे. भाचीने ते वाक्य काढायला सांगितले नाही. आपल्या बाजूचा खुलासा वेगळा लिहून तिने फाइल पाठवली. एकच पाठवली.

उत्तराआधी पुण्याहून फोन आला. तपासणाऱ्या बाई मराठीच होत्या. भाचीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मी ऐकू शकले. भाऊही नेमका घरी होता. बी.एड.चा प्रवेश पक्का करायचा तो शेवटचा दिवस होता आणि तो यवतमाळला जायच्या कपड्यांत खुर्चीवर बसला होता.

‘बाकी भाग मला आवडला,’ बाई म्हणाल्या. ‘पण या एका जागी तुम्ही घटना बदलली आहे. मूळ लेखकांनी मुलीला होकार देऊ दिलेला नाही.’

‘मीही दिलेला नाही,’ भाची म्हणाली. फोनवर तिची मराठी पुस्तकी झाली होती, पण आवाज घरातलाच होता. ‘ती दारात उभी राहून निरोप घेते. आपल्याकडे कोणतीही मुलगी घेईल तसा. आईला तो होकार ऐकू येतो.’

‘आणि खेळणाऱ्याला?’

‘त्यालाही होकारच ऐकू येतो. म्हणून नंतर आईइतकंच त्यालाही लागतं. इंग्रजीत त्याला माहीत असतं की आपण टाळलं. मराठीत माहीत नसतं.’

‘तुमच्या आत्यांनी नोंदीत उलट मत दिलंय.’

‘हो. त्या पेपरात होत्या. बातमीत त्यांचंच बरोबर आहे.’

बाई थोड्या हसल्या. ‘मला हे मूळ लेखकांना समजावून सांगावं लागेल. त्यांना हा शब्द समजावणं सोपं नाही. विचारते आणि कळवते.’

फोन ठेवल्यावर भावाने विचारले, ‘काय म्हनलं मंग?’

‘विचारून सांगतो म्हनते.’

‘आज तारीख हाये.’

‘माहीत हाये, बाबा.’

‘अन् ते नाही म्हनले तं?’

‘तं दुसऱ्या कंपनीले पाठवीन. हेच पाठवीन.’

‘निघते असलेलं पाठव मंग. तुही आत्या म्हनते तसं.’

‘नाही,’ भाची म्हणाली. चिडून नाही, आवाज न चढवता.  भाऊ उठला आणि बाहेरचे कपडे बदलून शेतातले घालून आला. त्या दिवशी यवतमाळला कोणी गेले नाही.

त्याला त्या फोनमधले काय पटले हे मी विचारले नाही. माझा अंदाज असा, की काम काय आहे ते त्याला त्या दिवशी कळले. एका शब्दापायी पुण्याची बाई परदेशातल्या माणसांना विचारायला जाते आणि आपली पोरगी त्या शब्दावरून हटत नाही, एवढे त्याने समोर पाहिले होते. शेतात सरकी कोणती पेरायची यावर तोही असाच अडून बसतो.

उत्तर आले तेव्हा मी यवतमाळला परतले होते. भाचीने फोन करून वाचून दाखवले. काम मिळाले होते, सगळे. त्या एका जागेबद्दल गेमच्या लेखकांनी लिहिले होते की दोन्ही ओळी भाचीच्या म्हणण्याप्रमाणे ठेवाव्यात, आणि असा शब्द आपल्या भाषेत नाही याचे वाईट वाटते. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले. माझे मत मी बदललेले नाही. दोन अर्थांचा शब्द छापू नये, हे बातमीपुरते आजही खरे आहे. ती लिहीत होती ती बातमी नव्हती, एवढेच.

पुढच्या रविवारी मी बाभुळगावला गेले तेव्हा तिच्याकडे पूर्ण गेमचे लिखाण आले होते. ती दोन दिवस तेच वाचत बसली होती. वहिनी शेतातून आली, हातपाय धुतले आणि पदराला हात पुसत तिच्या टेबलापाशी उभी राहिली.

‘समदं वाचलं?’

‘हाव.’

‘बुढी जगते का?’

भाचीने लॅपटॉपचे झाकण अर्धे मिटले. ‘खेळून पाह्यजो.’

‘मी माय हाये तुही.’

‘म्हनूनच नाही सांगत.’

वहिनीने माझ्याकडे पाहिले. मलाही माहीत नव्हते. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने विचारले, पुढचा भाग मराठीत व्हायला किती दिवस लागतील, आणि मुकादम त्यात आहे का.